पायाची बायपास आणि टाके घालायच्या आधीचा फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, सीआर्म चालवतो, म्हणजे ते इंग्रजी सी आकाराचं एक्सरे मशीन. डॉक्टर नाही मी, टेक्निशियन आहे. पण पायाच्या बायपासला मशीन आत ढकलताना बाहेर बाकड्यावर बसलेले नातेवाईक दचकून उठतात आणि विचारतात, "ओ दादा, हे मशीन कशाला आत नेलालाव, काय झालं का आत?" काही झालेलं नसतं, उलट काही होऊ नये म्हणूनच, टाके घालायच्या आधी जोडलेल्या नसेचा एक्सरे फोटो काढायला ते आत चाललेलं असतं, पण तेवढ्या घाईत दारात उभं राहून कोण समजावणार. म्हणून वर्षानुवर्षं कानावर पडलेले प्रश्न एकदाचे इथं लिहून टाकतोय. तुमच्या पेशंटचा निर्णय तुमचे सर्जनच घेणार, हे वाचून फक्त त्यांना नीट विचारता यावं एवढंच.

पायाची बायपास म्हणजे नेमकं काय? बायपास तर हार्टची असते ना?

तत्त्व तेच. पायाला शुद्ध रक्त नेणारी मोठी नस मांडीत किंवा गुडघ्याच्या मागं चरबीनं, कॅल्शियमनं बंद झाली की पुढं पोटरीला आणि पावलाला रक्त पुरत नाही. आधी चालताना पोटरी भरून येते, सात रस्त्यावरून पार्क चौकापर्यंत जायचं तर दोनदा थांबावं लागतं, मग रात्री झोपेत पाय दुखायला लागतो, पलंगाखाली लोंबकळत सोडला की जरा बरं वाटतं, आणि शेवटी अंगठ्याला काळं पडतं किंवा जखम महिनोन्महिने भरत नाही. बंद पडलेल्या भागाला वळसा घालून रक्ताला नवी वाट काढून द्यायची म्हणजे बायपास. आणि त्या वाटेसाठी सगळ्यात चांगला पाइप पेशंटच्या स्वतःच्याच पायात असतो, घोट्याच्या आतल्या बाजूनं जांघेपर्यंत कातडीखालून जाणारी लांब नस, तिला ग्रेट सॅफेनस म्हणतात. ही पद्धत नवीन नाही, १९४८ साली पॅरिसमध्ये जाँ कुनलँ नावाच्या सर्जननं मांडीतली बंद नस अशी ओलांडून दाखवली.

म्हणजे त्या निळ्या, गाठाळलेल्या नसांचं ऑपरेशन ना?

नाही. ते व्हेरिकोज. आपल्याकडं शुद्ध रक्ताची, अशुद्ध रक्ताची आणि मेंदूची, तिन्हीला 'नस'च म्हणतात त्यामुळं हा घोळ होतो. व्हेरिकोजमध्ये रक्त वर चढत नाही, इथं रक्त खालीच पोचत नाही.

फुगा टाकून, स्टेंट टाकून होत नाही का? कशाला एवढी फाडाफाडी?

बऱ्याच जणांचं होतं आणि करतातही. पण हा वाद मोठमोठ्या डॉक्टरांतच अजून मिटलेला नाही बघा. २०२२ साली बेस्ट-सीएलआय नावाचा मोठा अभ्यास आला, १,८३० पेशंट होते, त्यात ज्यांच्या पायात ही सॅफेनस चांगली होती त्यांच्यात आधी बायपास केलेल्यांचं बरं निघालं, पायाचं मोठं नुकसान किंवा मृत्यू बायपासवाल्यांत ४२.६ टक्के आणि फुगा-स्टेंटवाल्यांत ५७.४ टक्के. लगेच २०२३ ला इंग्लंडकडचा बेसिल-२ आला, पेशंट ३४५, सगळे गुडघ्याच्या खालच्या नसा खराब असलेले, तिथं उलटं निघालं, पाय गमावणं किंवा मृत्यू बायपासवाल्यांत ६३ टक्के आणि फुगावाल्यांत ५३. आता बोला. त्यामुळं "आमच्या मेव्हण्याचं फुग्यावर भागलं" हे सांगून उपयोग नाही, नस कशी आहे, कुठं बंद आहे, पेशंटचं हार्ट किती सोसेल, यावर सगळं ठरतं. पण दोन्ही आकडे बघितले तर एक कळतं की हा आजार साधा नाही, आणि बायपास करायचीच ठरली तर ती पहिल्या झटक्यात बिनचूक झाली पाहिजे. ह्या पानाचा विषय तोच.

जोड झाल्यावर डॉक्टर बोट ठेवून नाडी बघतातच की, मग वर फोटो कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. माझे सासरे चादरीच्या कारखान्यात होते, ते सांगायचे, माग कितीही चांगला चालू दे, चादर उतरली की घडी घालायच्या आधी चेकिंगच्या टेबलावर जातेच, उजेडात पसरून बघायची, कुठं धागा सुटलाय, कुठं दोर आलाय, तिथंच सुईनं भरून घ्यायचा. घडी घालून पेटी बांधल्यावर आणि माल गेल्यावर तो दोष सापडला तर गिऱ्हाईकच परत पाठवतं. बायपासचं अगदी तसंच आहे.

नाडी लागते म्हणजे आतलं सगळं ठीक असं नसतं. नळीत अर्धी अडचण असली तरी अडचणीच्या वरच्या अंगाला नाडी टणटण लागते, उलट पुढं वाट तुंबलेली असली तर वर जास्तच जोरात लागते. बोटाला ठोका कळतो, पुढं रक्त किती वाहतंय ते कळत नाही. एका पेशंटचं आठवतं, यंत्रमागावर उभं राहून आयुष्य गेलेला माणूस, जोड सुंदर झालेला, घोट्याला नाडी आली, भूलवाल्या मॅडमनी पण मान डोलावली, सगळे निवांत. सवयीनं फोटो काढला तर गुडघ्याच्या जरा वर नसेत एक पांढरी रेघ, निम्मी वाट अडवून बसलेली. नसेच्या आतल्या झडपेचं न कापलेलं एक पान होतं ते, झडपांचं पुढं सांगतो. दहा-पंधरा मिनिटांत काम झालं. तेच त्या रात्री दोन वाजता नस गोठून पाय थंड पडल्यावर कळलं असतं तर पेशंटला परत भूल, परत रक्त, आणि घरच्यांची पळापळ.

आत असं काय काय चुकलेलं सापडू शकतं?

चूक म्हणजे हलगर्जी असंच नाही हं, हे आधी सांगतो. दोन-तीन मिलिमीटरची नस, केसापेक्षा बारीक दोरा, डोळ्याला भिंगाचा चष्मा लावून केलेलं काम असतं, चांगल्यातल्या चांगल्या हाताला पण हे होतं.

झडपा हा एक भाग. सॅफेनस नसेत रक्त वर जावं म्हणून जागोजागी झडपा असतात, आणि बायपासमध्ये तर रक्त खाली न्यायचंय. मग दोन उपाय, एकतर नस पूर्ण काढून उलटी करून लावायची, नाहीतर तिच्याच जागी ठेवून आत पातळ हत्यार घालून झडपा कापायच्या. दुसऱ्या पद्धतीत एखादी झडप अर्धवट राहून जाऊ शकते, वर सांगितलं तसं. शिवाय तिथं नसेच्या बाजूच्या फांद्या बांधायच्या राहिल्या तर रक्त पावलाकडं न जाता त्या फांदीतून अशुद्ध रक्तात परत पळतं, कॅनॉलचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचायच्या आधीच कुणीतरी मधल्या चारीला वळवून घ्यावं तसं.

पीळ पडणं हा दुसरा. नस कातडीखालच्या बोगद्यातून ओढून नेताना बागेच्या पाइपसारखी पिळली जाते. म्हणून सर्जन आधी तिच्यावर पेननं सरळ रेघ मारून ठेवतात, पण बोगद्याच्या आत ती रेघ कुणाला दिसते. गुडघ्याजवळ कोपर पडतो तो वेगळा, पाय सरळ असताना ठीक आणि वाकवला की दुमडतो.

मग जोडाच्या जागी टाका जरा जास्त खोल बसून तोंड आवळलं जाणं, रक्त थांबवायला क्लॅम्प म्हणजे चिमटा लावलेल्या जागी आतलं अस्तर सोलून त्याचा पडदा लोंबणं, मधेच रक्ताची छोटी गुठळी बसणं. आणि कधीकधी दोष नसेतच असतो, लहानपणी सलाईन लावून लावून किंवा जुन्या सुजेमुळं एखादा तुकडा आतून कडक, दोरीसारखा झालेला, बाहेरून दिसायला धडधाकट. त्याला सर्जन तरी काय करणार, पण तो तुकडा तसाच ठेवायचा की बदलायचा हे आत्ताच ठरवता येतं.

पहिल्या महिन्यात बंद पडलेल्या बायपासमागं बरेचदा ह्यातलंच काहीतरी असतं. महिन्यानंतर साधारण दोन वर्षांपर्यंत बंद पडतात त्या नसेच्या आतून वाढणाऱ्या जाड थरामुळं, आणि त्याच्याही पुढं मूळ आजारच वाढत जातो. ओटीतला फोटो पहिल्या प्रकाराला आवर घालू शकतो, बाकी दोनावर त्याचा फारसा इलाज नाही.

फोटो काढतात कसा?

ओटीत काढतात त्याला कम्प्लिशन अँजिओग्राम म्हणतात. जोड पूर्ण झाले, रक्त सुरू केलं, की नवीन नसेच्या वरच्या टोकाला बारीक सुई घालतात किंवा मुद्दाम न बांधता ठेवलेली एखादी फांदी त्यासाठी वापरतात. वरून येणारं रक्त क्षणभर थांबवायचं, थोडीशी डाय, म्हणजे एक्सरेत नस दिसावी म्हणून सोडायचं औषध, हातानंच ढकलायची, आणि मी पेडल दाबतो. मशीनमध्ये डीएसए असेल तर ते हाडं वजा करून नुसत्या नसा दाखवतं. तेवढे काही सेकंद पाय अजिबात हलता कामा नये, हलला की चित्रावर सावल्यांचा नुसता गोंधळ. वरचा जोड, मधली नस, खालचा जोड आणि पुढं पावलापर्यंतची वाट असं तुकड्या-तुकड्यानं बघतात, शंका आली तर मशीन तिरकं करून दुसऱ्या कोनातून. एका कोनातून सरळ दिसणारी नस दुसऱ्या कोनातून दुमडलेली निघते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कुणी एकच फोटो पुरे म्हणालं तरी माझा हात आपोआप मशीन फिरवायला जातो.

सगळं धरून दहा-पंधरा मिनिटं जास्तीची. बायपासला मुळातच चार-पाच तास जातात, त्यात ही काही जड नाहीत.

गंमत म्हणजे फोटो ऑपरेशनपेक्षा जुना आहे, लिस्बनच्या दुश सांतुश यांनी पाठीतून सुई घालून पोटातल्या मोठ्या नसेचा फोटो १९२९ लाच काढला होता. पायाची बायपास त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी आली.

डायमुळं किडनी जाते म्हणतात. बाबांची क्रिएटिनिन आधीच वाढलेली आहे.

भीती अगदी खोटी नाही. शुगरचे जुने पेशंट, त्यात आधी सीटी अँजिओ झालेली, मग ऑपरेशन, मग परत डाय, असं एकावर एक पडलं तर किडनीवर ताण येतो. पण ओटीतल्या फोटोला डाय बेतानंच लागते कारण ती थेट बायपासच्या नसेतच सोडतात. तरी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा, गोळी कधी थांबवायची ते तेच सांगतील. आयोडीनच्या डायनं आधी कधी अंगावर पित्त उठलं असेल, दम लागला असेल तर ते भूलवाल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका.

आणि किडनी फारच नाजूक असेल तर डायशिवायचा रस्ता आहे, तो पुढं.

सोनोग्राफीनं बघता येतं का?

येतं, आणि खरं सांगायचं तर काही गोष्टी एक्सरेपेक्षा चांगल्या दिसतात, हे मी सीआर्मवाला असून कबूल करतो. रंगीत डॉपलरचा छोटा प्रोब निर्जंतुक कव्हरमध्ये घालतात, आत जेल, बाहेर जखमेत थोडं सलाईन ओततात आणि उघड्या नसेवरच ठेवून वरपासून खालपर्यंत सरकवत नेतात. चित्र तर दिसतंच, शिवाय रक्ताचा वेग मोजता येतो. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं ना, तसं जिथं वाट अरुंद तिथं वेग वाढतो. वेग सेकंदाला १८० सेंटिमीटरच्या वर गेला आणि लगतच्या चांगल्या भागाच्या अडीच पटीहून जास्त भरला तर तिथं गडबड आहे असं धरतात. उलट सगळ्या नसेतच वेग ४० च्या खाली रेंगाळत असेल तर ते पण वाईट, संथ रक्त गोठतं.

अडचण एवढीच की हे करणारा माणूस तयारीचा लागतो, मशीन ओटीत यायला लागतं, आणि संध्याकाळी सातला रेडिओलॉजिस्टना बोलवायचं म्हणजे कधी मिळतात कधी नाही. आणखी एक, नसेऐवजी प्लास्टिकची नळी टाकली असेल, ती पांढरी पीटीएफईची, तर नव्या नळीच्या भिंतीत हवा असते आणि हवेतून सोनोग्राफी पलीकडचं दाखवत नाही. तिथं मग आमचाच सीआर्म.

ते पेनासारखं 'शूं शूं' वाजणारं मशीन लावलं होतं, ते पुरेसं नाही का?

तो हँड डॉपलर. स्वस्त, खिशात मावतो आणि सगळ्यांकडं असतो. कान तयार असलेला सर्जन त्याच्या आवाजावरून बरंच ओळखतो, नस दाबली की आवाज थांबतो का, सोडली की येतो का, मधेच शिट्टीसारखा चिरका होतो का. पण तो ऐकणाऱ्याच्या कानावर आहे, पुरावा राहत नाही. काही ठिकाणी नसेभोवती पकडीसारखा प्रोब बसवून मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जातंय तो आकडा काढतात. आकडा कमी आला तर काहीतरी आहे हे कळतं, कुठं आहे ते कळत नाही, ते शोधायला परत चित्र लागतंच.

फोटोत दोष दिसला की लगेच परत उघडतात का?

लगेच नाही, आणि तसं करूही नये. फोटो पण फसवतो. डायबरोबर हवेचा बुडबुडा गेला तर तो हुबेहूब गुठळीसारखा दिसतो, फरक एवढाच की दुसऱ्या वेळेस डाय मारली की बुडबुडा जागा बदलतो किंवा गायब होतो, गुठळी तिथंच बसून राहते. तसंच नस नुकतीच हाताळलेली असल्यामुळं आखडते, त्याला स्पॅझम म्हणतात, चित्रात वाटतं की इथं अरुंद झालीय. मग पॅपाव्हरीनसारखं नस सैल करणारं औषध सोडतात, थोडं थांबतात, परत बघतात, आणि बऱ्याच वेळा ते अरुंदपण विरघळून गेलेलं असतं.

खरंच दोष असेल तर काय ते दोषावर. राहिलेली फांदी असेल तर तिच्यावर छोटी चीर देऊन बांधून टाकायची. झडप असेल तर परत कापायची, गुठळी ओढून काढायची, जोड आवळला असेल तर उघडून वर पट्टी लावून रुंद करायचा, पीळ असेल तर जोड सोडवून परत करायला लागतो आणि ते मात्र वेळखाऊ. कुठला दोष सोडून द्यायचा हे ठरवणं हेच खरं अवघड, कारण प्रत्येक बारीकसारीक गोष्टीमागं लागलं तर चांगली नसच खराब व्हायची. अशा वेळी आम्ही गप्प उभे असतो आणि सर्जन स्क्रीनकडं बघत असतात, एसीत पण त्यांच्या कपाळाला घाम असतो.

याचा फायदा होतो हे सिद्ध झालंय का?

सरळ उत्तर देतो. पूर्ण नाही.

एका बाजूला अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्जननी २००० साली छापलेला अनुभव आहे, ६२६ बायपास, सगळ्यांत ओटीतच डॉपलर केला आणि साधारण १५ टक्क्यांत काही ना काही दुरुस्त करायला लागलं. म्हणजे दर सहा-सात पेशंटमागं एक, जिथं हाताला सगळं ठीक वाटत होतं. दुसऱ्या बाजूला तिथल्याच न्यू इंग्लंड भागातल्या हॉस्पिटलांच्या नोंदी एकत्र करून बघितलं तर जे सर्जन प्रत्येक पेशंटचा फोटो काढतात आणि जे शंका आली तरच काढतात, त्यांच्या बायपास टिकण्यात फरक सापडला नाही. २०१९ ला जागतिक पातळीवरच्या व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्ताच्या नसांच्या डॉक्टरांच्या, संघटनांनी मिळून ज्या गाइडलाइन्स काढल्या त्यात मात्र लिहिलंय की बायपास झाल्यावर ओटीतच अँजिओ किंवा डॉपलर किंवा दोन्ही करा आणि मोठा दोष असेल तर त्याच वेळी दुरुस्त करा. शिफारस जोरदार, आणि तिच्यामागचा पुरावा कमी दर्जाचा असंही तिथंच प्रामाणिकपणे लिहिलेलं.

माझं मत विचाराल तर, जोड घोट्याजवळच्या किंवा पावलावरच्या बारीक नसेला केला असेल, दोन-तीन तुकडे जोडून नस बनवली असेल, हाताची नस वापरली असेल, किंवा झडपा आत हत्यार घालून कापल्या असतील तर न बघता टाके घालणं मला तरी पटत नाही. मांडीतल्या मांडीत, मोठ्या नसेची, छोटी बायपास असेल आणि अनुभवी सर्जनला नाडी, आवाज सगळं बरोबर वाटत असेल तर वेगळी गोष्ट.

आमच्या डॉक्टरांनी फोटो काढलाच नाही. फसवलं का?

नाही हो. वरचं उत्तर परत वाचा. विचारायचं असेल तर ऑपरेशनच्या आधी, शांतपणे, "सर, टाके घालायच्या आधी जोड कसा तपासता?" एवढं विचारा. चांगला सर्जन ह्या प्रश्नानं चिडत नाही, उलट कागदावर चित्र काढून दाखवायला लागतो.

एक्सरेच्या किरणांचं काय? पेशंटला, आम्हाला?

पेशंटला थोडीच मिनिटं, ते पण पायावर, फार काळजी नको. तुम्ही तर बाहेरच असता. खरी काळजी आम्हाला घ्यायला लागते, रोजचंच काम, म्हणून शिशाचा एप्रन, गळ्याला थायरॉइडचा पट्टा, छातीला किरणं किती लागली ते मोजणारा बॅज. मे महिन्यात त्या एप्रनचं वजन अंगावर घेऊन उभं राहिलं की काय वाटतं ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

सोलापुरात हे होतं का, की पुण्यालाच जायचं?

मी हॉस्पिटलांची नावं घेत नाही, पण काय विचारायचं ते सांगतो. सीआर्म हाडांच्या ऑपरेशनमुळं बऱ्याच ठिकाणी असतो, पण तो सीआर्म असणं आणि त्यात नसांसाठीचं डीएसए असणं यात फरक आहे. साध्या सीआर्मवर पण फोटो निघतो, फक्त हाडांच्या मागची बारीक नस ओळखायला डोळा लागतो. तेव्हा पायाच्या नसांचं काम नेहमी करणारे व्हॅस्क्युलर सर्जन आहेत का, डीएसए किंवा ओटीत डॉपलर होतो का, आणि रात्री काही झालं तर तेच सर्जन येऊ शकतात का, हे तीन विचारा. तिसरा प्रश्न लोक विसरतात. पुणं अडीचशे किलोमीटर, हुतात्मा एक्सप्रेसनं तपासणीला जाणं वेगळं आणि पाय थंड पडल्यावर रात्री ॲम्ब्युलन्सनं जाणं वेगळं. अर्थात अंगठा काळा पडत चाललाय आणि इथं तारीख पुढं पुढं ढकलली जातेय असं असेल तर बसून राहू नका, पुणं गाठा.

आईची पायातली नस हार्टच्या बायपासला आधीच काढलीय. आता?

दुसऱ्या पायाची बघतात, पोटरीच्या मागची छोटी सॅफेनस बघतात, हाताच्या नसा बघतात. त्यासाठी ऑपरेशनच्या आधी डॉपलरनं नसेचा नकाशा काढतात, साधारण ३ मिलिमीटर रुंद आणि आतून मऊ असेल तर कामाची. एक विनंती, अशा पेशंटला घोट्याजवळच्या किंवा हाताच्या लांब नसेला सलाईन लावायला आले तर सांगा की बायपाससाठी नस राखून ठेवायचीय, शक्यतो हाताच्या पंजाच्या पाठीवर लावा. आणि गुडघ्याखाली प्लास्टिकची नळी स्वतःच्या नसेइतकी टिकत नाही, म्हणून हा एवढा आटापिटा.

नस काढली तर त्या जागचं रक्त परत कसं जाणार?

आतल्या खोल नसा असतात, मुख्य काम त्याच करतात. काही दिवस सूज राहते, पाय उशीवर ठेवायचा.

फोटो एकदम क्लीन आला. म्हणजे आता निवांत ना?

त्या रात्रीपुरतं. बायपास नंतर कधी बंद पडते ते वर सांगितलं. म्हणून घरी गेल्यावरही डॉपलर लागतो, टाके निघाल्यानंतर लवकरच एकदा, मग साधारण तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात, आणि पुढं वर्षातून निदान एकदा. पेशंट म्हणतात आता तर दुखत नाही, कशाला जायचं. अहो न दुखता अरुंद होते ती, तेव्हाच पकडली तर फुग्यावर भागतं, पूर्ण बंद पडल्यावर काढायचं म्हणजे महाभारत. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी पण दुखत नाही म्हणून बंद करायची नाही.

आणि तंबाखू. आपल्या गावात घराघरात विडी वळलेली आहे, त्यावर पोरं शिकलीत, मला त्याबद्दल वाईट बोलायचं नाही. पण ओढणाऱ्याची बायपास बंद पडायचा धोका न ओढणाऱ्याच्या साधारण तिप्पट असतो. पेशंट डिस्चार्ज घेऊन रिक्षात बसायच्या आधी गेटवरच्या टपरीवर थांबलेला मी स्वतः पाहिलाय, पायाला अजून पट्टी होती. फोटोसाठी एप्रन घालून उभा राहिलेला माणूस अशा वेळी काय बोलणार, मी मान वळवून निघून गेलो, आजही वाटतं बोलायला पाहिजे होतं.

अनवाणी चालणं पण बंद. शुगरनं तळव्याची जाणीव गेलेली असते, उन्हात फरशीवर, डांबरावर पाय भाजतो आणि कळतच नाही. सिद्धेश्वराला जायचं तर जावा, दारात चप्पल काढा, आत जाड मोजे घाला, आणि एप्रिल-मेच्या दुपारी नको.

कधी धावत हॉस्पिटल गाठायचं?

पाय अचानक थंड, पांढरा किंवा निळसर, मुंग्या, बोटं हलेनात, दुखणं एकदम वाढलं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, शेकायचं नाही, तेल चोळायचं नाही. पहिले सहा तास महत्त्वाचे. जखमेतून भळभळ रक्त आलं तर तिथं घट्ट दाबून धरून निघा.

योजनेत बसतं का?

महात्मा फुले योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना ऑपरेशनचं नाव लिहून दाखवा आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा, बायपास बसते का, आणि ओटीतली डाय व फोटो त्याच पॅकेजमध्ये धरलाय की वेगळं बिल होणार. रेशनकार्ड, आधार बरोबर ठेवा. अंदाजे रक्कम मी सांगत नाही, ठिकाणागणिक बदलते.

फोटोची कॉपी मिळते का?

मागितली तर मिळते, आणि जरूर मागा. डिस्चार्ज कार्डवर 'बायपास केली' एवढंच लिहिलेलं असतं, पण नस कुठली वापरली, उलटी की तशीच, खालचा जोड कुठल्या नसेला, शेवटचा फोटो कसा होता, हे दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांना फार कामाला येतं. ऑपरेशनची नोट पण मागून घ्या. सीडी देतात, पण आता सीडी चालवायला कुणाकडं काय नसतं, म्हणून पेनड्राइव आणा. रिकामा आणा एवढीच विनंती, मागच्या वेळी एकांनी दिला त्यात भाच्याचं अख्खं लग्न होतं, हळदीपासून, आणि जागा करायला काय डिलीट करू म्हणून मी त्यांना ओटीबाहेर शोधत हिंडत होतो.